देवळापुढच्या दगडांवरचे चंद्र-सूर्य, हात, गाय आणि नाग: अर्थ कसा लावायचा?

खानापूर_वेस
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळाच्या कट्ट्याला चार दगड टेकवून उभे केलेत. एकावर तीन कप्पे आणि लढणारी माणसं. दुसऱ्यावर कोपरात वाकलेला बाईचा हात. तिसऱ्यावर गाय-वासरू, खाली झिजलेली अक्षरं. चौथ्यावर वेटोळं घातलेले दोन नाग. स्वप्नात नाग दिसला की लोक तिथं दूध घालतात. पहिल्या तिन्हींवर चंद्र-सूर्य आहेत, म्हणून हे सगळे एकाच राजाचे, असं गावात म्हणूलालेत. जत्रेआधी चारींना ऑइलपेंट द्यायचं ठरतंय. जाणकारांनी सांगावं.

शिळावाचक
चंद्र-सूर्यावरून राजा ठरत नाही. ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर हे टिको, एवढंच ती जोडी सांगते. काय टिकायचं, ते खालच्या चित्रात बघायचं.

तीन कप्प्यांचा तो वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीराचा स्मारकदगड, कन्नडात वीरगल्लु. तो खालून वर वाचायचा, नाहीतर सगळी गोष्ट उलटी होते. तळाला लढाई किंवा आडवा पडलेला वीर. तिथं गाईंची रांग कोरलेली असेल, तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मरण आलेलं. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, म्हणजे कैलासाला पोचला. पिंडीच्या जागी ध्यानस्थ तीर्थंकर असेल तर वीर जैन.

हाताचा दगड सतीशिळा, कन्नडात मास्तिकल्लु. खांबातून आल्यासारखा हात, कोपरात काटकोन, तळवा उघडा. बांगड्या जवळून बघा: एकही फुटलेली नाही. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या. इथं शाबूत कोरल्यात, म्हणजे ती सवाष्ण म्हणूनच गेली. अंगठ्याच्या बेचक्यात गोल काही दिसलं तर ते लिंबू. एका खांबाला दोन हात असतील तर सती गेलेल्या दोघी. देवीचा आशीर्वादाचा हात समजून पुष्कळ ठिकाणी याची ओटी भरतात. भरू देत, पण तो एका बाईच्या मरणाचा दगड आहे, हे गावाला माहीत हवं.

मलप्रभाकाठ
गाय-वासराचा दगड बहुधा दानाचा लेख, म्हणून तोच सर्वांत जपा. जमीन कुणी, कुणाला, किती दिली, ते त्या अक्षरांत असतं. शेवटी शाप असतो: दिलेली जमीन हिरावून घेणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून मोडी समजू नका. आपल्या भागात असे जुने लेख बहुतेक हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडात, सापडतात.

शकाचा आकडा लागला तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर 79ही येऊ शकतं. पडताळा संवत्सराच्या, म्हणजे 60 वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या, नावावरून घ्यायचा: शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी म्हणजे पहिल्या संवत्सरापासूनचा, प्रभवापासूनचा, क्रमांक. शके 1126 घ्या: 1138 ला 60 ने भागून बाकी 58, म्हणजे रक्ताक्षी, इसवी सन 1204, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (जैन मंदिर) बांधली ते साल. लेखात कधी चालू शक (सुरू असलेलं वर्ष) देतात, कधी गत (पुरं झालेलं), त्यामुळं एका वर्षाचा फरक पडला तर दचकू नका, संवत्सर धरून चला.

निपाणी_वाचक
नागाचा दगड वेगळ्याच प्रकारचा. जोडीनं वेटोळं घातलेले नाग बहुधा संतानासाठी बोललेल्या नवसाचे, पिंपळाखाली बसवलेले. स्वप्नाचं म्हणाल तर आपल्याकडच्या दिगंबर जैनांत तीर्थंकराच्या आईला पडलेली 16 स्वप्नं सांगतात. त्यात चंद्र, सूर्य आणि नागेंद्राचं भवनही आहे. तिथं ती थोर पुत्राची सूचना; वीरगळावर तेच चंद्र-सूर्य टिकण्याची ग्वाही. चिन्ह तेच, पण शेजार बदलला की अर्थ बदलतो.

खानापूर_वेस
आभारी आहे. रंगाचं काय करायचं? आणि अक्षरांत खडू भरून फोटो काढला तर चालेल?

शिळावाचक
दोन्ही नको. रंगाखाली ओल अडकते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दगडाचे पापुद्रे सुटतात. बारीक अक्षरं आधी जातात. तेल-शेंदराचंही तेच: तेलावर धूळ बसून पुटं चढतात. खडू भरताना आपल्याला जे अक्षर वाटतं तेच आपण रंगवतो आणि पुढच्या वाचणाऱ्याची फसगत होते.

रात्री अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर खोलगट अक्षरं सपाट दिसतात. माती आधी मऊ ब्रशनं कोरडी झाडा, मग फक्त साधं पाणी. तारेचा ब्रश, अॅसिड, सोडा अजिबात नाही. दोन कप्प्यांमधल्या आडव्या पट्ट्या सोडू नका, वीरगळावर नाव-गाव कोरलेलं असलं तर बहुधा तिथंच असतं. दगडाचा तळ कट्ट्याच्या सिमेंटमध्ये गेला असेल तर फोडायला जाऊ नका. पुरातत्त्व खात्याला फोटोसकट कळवा, आणि ‘हा दगड आधी कुठं उभा होता’ ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आजच लिहून घ्या.