उत्तर: शनिवारी क्योतो आणि पाऊस

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे साताऱ्याहून आलेत. शनिवारी नागोयाहून क्योतोची एका दिवसाची फेरी ठरवली होती: किंकाकुजीचं सोनेरी मंदिर, कियोमिझु मंदिर, शेवटी आराशियामाचं बांबूबन. आता दिवसभर पाऊस सांगताहेत. आईंचे गुडघे दुखतात. पुढच्या शनिवारी ढकलू का?
– नागोयाकर सूनबाई

---

अगं, जूनमध्ये ढकलून कुठे जाणार? पुढच्या शनिवारीही हेच. हा 'त्सुयु', म्हणजे इथला पावसाळा, जुलैच्या मध्यापर्यंत मुक्कामाला असतो. जा, पण तिन्ही ठिकाणं खोडून टाक.

किंकाकुजीच्या सोनेरी इमारतीत आत जाऊच देत नाहीत. तळ्याच्या कडेने छत्र्यांच्या गर्दीत सरकायचं, फोटो काढायचा, बाहेर पडायचं. शिवाय आहे ती इमारत 1955 ची, आधीची 1950 मध्ये जाळली गेली. कियोमिझुला जाताना सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या लागतात, ओल्या झाल्या की काचेसारख्या. तिथे पडलं तर तीन वर्षांत मरण येतं अशी समजूत आहे. आईंना हे सांगू नकोस, पण नेऊही नकोस.

त्यापेक्षा सानजुसानगेन्दो हे बौद्ध मंदिर बघा. स्टेशनवरून 206 नंबरची बस दारात सोडते (मागच्या दाराने चढायचं, पैसे उतरताना पुढे). सुमारे 120 मीटर लांब लाकडी दालन, 1266 मध्ये पुन्हा बांधलेलं. मधोमध बसलेली मोठी कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि दोन्ही बाजूंना 500-500 उभ्या मूर्ती. पण बाबांना पुढची रांग दाखव. तिथे 28 रक्षक देवता आहेत, त्यांत आपली ओळखीची मंडळी निघतात: ब्रह्मा, इंद्र, आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड! दोन टोकांना ढगावर उभे वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव. एकाच्या खांद्यावर वाऱ्याची पिशवी, दुसऱ्याच्या पाठीशी ढोलांचं कडं. बाहेर गडगडत असेल तर आणखीच मजा.

बूट काढावे लागतात, म्हणून सगळ्यांचे मोज्यांचे जादा जोड घे. मी एकदा ओल्या मोज्यांनी ते 120 मीटर चालले आहे. मागे वळून पाहिलं तर माझ्या पावलांची रांग! आत फोटो काढू देत नाहीत, तेही बरंच.

दुपारी निशिकी बाजार, वर छप्पर आहे. आई-बाबा शाकाहारी असतील तर जपून. अंड्याच्या गुंडाळीतही दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. युदोफु, म्हणजे गरम पाण्यातला तोफू, बरा. तरी सोबतचं सॉस माशाचं नाही ना, ते विचार.
– काकू, ओसाका

---

काकूंशी सहमत, एक भर: र्योआनजी मंदिर. दगडांची बाग पाहायला छपराखाली ओट्यावर बसायचं, गुडघ्यांना आराम. 15 दगड आहेत म्हणतात, पण बसल्या जागेवरून सगळे एकदम दिसत नाहीत. पावसात शेवाळ असं हिरवं होतं की कोकण आठवतं. मात्र ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन्ही एका दिवशी जमवू नका.
– काका, कोबे

---

काकू, काका, जाऊन आलो! र्योआनजी राहिली. कारण बाबा सानजुसानगेन्दोतून हलेचनात. हजार चेहऱ्यांत आपल्या माणसाचा चेहरा सापडतो, असं तिथे कुणीतरी सांगितलं. बाबांना त्यांचे जुने हेडमास्तर सापडले. "हेच! वर्गात शिरताना असेच बघायचे!" आई म्हणाल्या, "मग नमस्कार करा आणि चला, माझे मोजे ओले झालेत."

जादा जोड पिशवीत होता. पिशवी नागोयाला, दारामागे.
– सूनबाई