ई-इनव्हॉइसची विनंती पाठवली, पण उत्तर आले नाही: स्क्रिप्टने पुढे काय करावे?

शिरोली_डिस्पॅच (प्रश्न):

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी संगणकाची कामे पाहतो. आमचे डिस्पॅचचे सॉफ्टवेअर जुने आणि कारखान्यातच घडवून घेतलेले असून त्याचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. वजनकाट्यावर गाडीचे वजन झाले की बिल तयार होते. त्यानंतर पायथनमधील एक स्क्रिप्ट तीन कामे ओळीने करते: जीएसपीच्या (जीएसटी यंत्रणेशी जोडून देणाऱ्या कंपनीच्या) एपीआयमार्फत ई-इनव्हॉइस नोंदवून आयआरएन (सरकारी पोर्टलवरील बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळवणे, त्यावर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढणे आणि शेवटी तेच बिल एक्सएमएलने टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणे. ही स्क्रिप्ट माझ्या आधीच्या सहकाऱ्याने लिहिलेली आहे.

संध्याकाळी पुण्याच्या गाड्या निघण्याच्या वेळी एपीआयचे उत्तर कधीकधी वेळेत येत नाही. मग स्क्रिप्ट थांबते आणि ऑपरेटर तिला पुन्हा पहिल्यापासून चालवतो. अशा वेळी 'डुप्लिकेट आयआरएन', म्हणजे २१५० क्रमांकाची त्रुटी येऊन काम तिथेच अडते आणि गाडी गेटवर उभी राहते. टॅलीच्या पायरीवर तर स्क्रिप्ट आपोआप पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे काही बिले तिथे दोनदा चढतात आणि ते महिनाअखेरीस लेखा विभागाच्या लक्षात येते. टाइमआउटची मुदत आणि प्रयत्नांची संख्या वाढवावी असे मला वाटते. मालक मात्र तयार कनेक्टर विकत घेऊ या म्हणतात. कोणता मार्ग योग्य ठरेल?

उद्यमनगर_कोड:

दोन्हींपैकी कोणताही नाही, निदान आज तरी नाही. आपल्या स्क्रिप्टला विनंतीचे दोनच शेवट माहीत आहेत, काम झाले किंवा काम फसले. टाइमआउट यांपैकी कशातच बसत नाही. विनंती पलीकडे पोहोचून आयआरएन तयार झाला असेल आणि केवळ उत्तर वाटेत हरवले असेल, किंवा विनंती पोहोचलीच नसेल. आपल्या बाजूने पाहणाऱ्याला हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून 'अनिश्चित' ही तिसरी स्थिती स्क्रिप्टला शिकवावी लागेल, आणि ती डेटाबेसमध्ये लिहून ठेवावी लागेल, कारण स्क्रिप्ट बंद पडली की तिच्या आठवणीतले सगळे जाते.

मी असे सुचवेन. डेटाबेसच्या ज्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बिल जतन होते त्याच व्यवहारात एका वेगळ्या टेबलात प्रत्येक पायरीसाठी एक ओळ टाकावी. त्या ओळीत बिल क्रमांक, पायरी, स्थिती, पाठवलेला मजकूर, आलेले उत्तर आणि पुढच्या प्रयत्नाची वेळ असावी, आणि बिल क्रमांक व पायरी यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स असावा, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदता येणार नाही. स्क्रिप्टने ओळ उचलावी, तिची स्थिती 'पाठवत आहे' अशी करून कमिट करावे (बदल डेटाबेसमध्ये कायम करावा) आणि त्यानंतरच एपीआयला हाक मारावी. कमिट आधी आणि हाक नंतर, हा क्रम उलटला तर वीज गेल्यावर नेमके काय पाठवले होते हे कोणालाच सांगता येत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर 'पाठवत आहे' या स्थितीत अडकलेली प्रत्येक ओळ स्क्रिप्टने 'अनिश्चित' धरावी, आणि अनिश्चित ओळीच्या बाबतीत आधी चौकशी करून मगच गरज असल्यास पुन्हा पाठवावे.

ई-इनव्हॉइसच्या बाबतीत आपले नशीब चांगले आहे. आयआरएन हा ६४ अक्षरांचा हॅश पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवज क्रमांक यांवरून बनतो, म्हणून तेच बिल दहा वेळा पाठवले तरी दुसरा आयआरएन तयार होत नाही. ज्या २१५० त्रुटीपाशी आपली स्क्रिप्ट थांबते, त्या त्रुटीच्या उत्तरातच आधी तयार झालेला आयआरएन, पोचपावतीचा क्रमांक आणि तिची वेळ दिलेली असते. तो आयआरएन वाचून घ्यावा, त्यावरून सही केलेले बिल आणि क्यूआर कोड मागवावा आणि ती पायरी पूर्ण झाली असे नोंदवावे. टाइमआउटनंतर आलेली २१५० ही खरे तर आनंदाची बातमी आहे. मात्र परत आलेल्या बिलातील रक्कम आणि ग्राहकाचा जीएसटी क्रमांक आपल्याकडील नोंदीशी जुळतो का हे तपासावे, कारण एकच क्रमांक चुकून दोन बिलांना दिला गेला असेल तरीही हीच त्रुटी येते.

राहिला पुन्हा प्रयत्नांचा प्रश्न. चुकीचा पिनकोड किंवा एचएसएन (जीएसटीतील मालाचा वर्गीकरण कोड) असलेले बिल शंभर वेळा पाठवूनही स्वीकारले जाणार नाही. ते 'नाकारले' म्हणून ऑपरेटरच्या पडद्यावर कारणासह दिसले पाहिजे. ४०१ (ओळख अमान्य) आल्यास लॉगिनचा नवा टोकन घ्यावा. ४२९ (फार जास्त विनंत्या) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आल्यास थांबावे, उत्तराच्या हेडरमध्ये किती वेळ थांबायचे ते सांगितले असेल तर तेवढे, नाहीतर दर वेळी अंतर दुप्पट करत आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळून. आणखी एक गोष्ट पाहून घ्या: पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट आपण दिला नाही तर तो नसतोच, आणि एखादी हाक अनंत काळ लटकू शकते. पहिल्या पायरीवर तो दिलेला दिसतो, बाकीच्या दोन पायऱ्यांवरही आहे का?

तयार कनेक्टर घ्यायला हरकत नाही, परंतु आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमधून त्या कनेक्टरपर्यंत माहिती नेणारी स्क्रिप्ट तरीही आपल्यालाच लिहावी लागेल, आणि हाच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहील.

शाहूपुरी_लेखा:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी प्रोग्रामर नाही, पण टॅलीच्या बाजूने रोज हेच निस्तरतो, म्हणून थोडे सांगतो. टॅलीची पायरी गाडीच्या वाटेतून पूर्णपणे काढून टाका. गाडीबरोबर आयआरएन असलेले बिल आणि ई-वे बिल लागते. टॅलीतील नोंद रात्री झाली तरी चालते. शिवाय टॅली सुरू नसेल किंवा योग्य कंपनी उघडलेली नसेल तर ९००० या पोर्टवर पाठवलेली नोंद जाणार कुठे? संध्याकाळी लेखा विभागाने संगणक बंद केला म्हणून डिस्पॅच अडणे याला काही अर्थ नाही.

टॅली एचटीटीपीवर २०० (विनंती यशस्वी) दाखवते म्हणजे नोंद झालीच असे धरू नये. उत्तराच्या एक्सएमएलमध्ये किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या आणि किती चुकल्या याचे आकडे असतात, ते वाचल्याशिवाय ओळ पूर्ण समजू नये. प्रत्येक व्हाउचरसोबत आपल्या बिलावरून बनवलेला कायमचा रिमोट आयडी पाठवा, म्हणजे तीच नोंद पुन्हा गेल्यास नवे व्हाउचर बनण्याऐवजी जुनेच बदलले जाते. एवढे करूनही रोज सकाळी दोन्हीकडील बिल क्रमांक आणि रकमा जुळवणारी छोटी स्क्रिप्ट चालवावी, कारण माणसांनी हाताने केलेल्या नोंदी कोणत्याही आयडीला जुमानत नाहीत.

आयआरएन रद्द करण्यासाठी २४ तास मिळतात, आणि रद्द झालेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. म्हणून 'रद्द करून तेच बिल पुन्हा पाठवा' असे बटण ऑपरेटरला देऊ नये.

शिरोली_डिस्पॅच:

आपणा दोघांचे आभार. ई-वे बिलाच्या आणि टॅलीच्या हाकेला टाइमआउट खरोखरच दिलेला नाही, आणि सध्या टॅलीच्या उत्तरातील आकडेही कोणी वाचत नाही. रांगेचे टेबल मी या आठवड्यात बनवतो. एक उपप्रश्न आहे. आमचे काही कास्टिंग मशिनिंगच्या जॉबवर्कसाठी बेळगावला चलानावर जाते. तिथे आयआरएन नसतोच, मग ही तीन पायऱ्यांची साखळी कशी बसवायची?

उद्यमनगर_कोड:

त्या चलानांना ई-वे बिल मात्र लागतेच. एरवी ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ते लागते आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, पण जॉबवर्कचा माल राज्याबाहेर पाठवताना किमतीची अट नसते. मात्र तिथे आयआरएन नसल्यामुळे आयआरएनवरून ई-वे बिल काढणारी हाक उपयोगी पडत नाही, ई-वे बिलाचा स्वतंत्र एपीआय वापरावा लागतो. वेगळी स्क्रिप्ट लिहू नका. त्याच टेबलात दस्तऐवजाच्या प्रकाराचा एक स्तंभ वाढवा आणि चलान जतन होताना पहिल्या पायरीची ओळ टाकूच नका. ई-वे बिलाच्या ओळीने आयआरएन आहे का हे विचारण्याऐवजी आपल्या आधीची एखादी ओळ अपूर्ण आहे का एवढेच पाहावे, मग बिल आणि चलान दोन्ही एकाच रांगेतून जातील.

ई-वे बिलाची मुदत वाढवण्याचे काम मात्र स्क्रिप्टवर सोपवू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी आले तेव्हा महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. अशा वेळी मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, पण गाडी सध्या कुठे आहे आणि कारण काय हे भरावे लागते, आणि ते चालकाला फोन करणाऱ्या माणसालाच माहीत असते. स्क्रिप्टने मुदत संपत आलेल्या बिलांची यादी डिस्पॅचच्या पडद्यावर दाखवावी, एवढे पुरे.