'आक्रमक परकीय प्रजाती' ऐवजी काय लिहावं?

पाणकणीस
जलपर्णीबद्दल तलावाकाठी लावायच्या फलकाचा मजकूर करायचा आहे. हाती आलेल्या मसुद्यात 'परकीय आक्रमकांचा हल्ला', 'शत्रूला हुसकून लावा' अशी भाषा आहे. हेच शब्द स्थलांतर करून आलेल्या माणसांबद्दलही सर्रास वापरले जातात, म्हणून खटकतात. पण फार मवाळ लिहिलं तर जलपर्णी कुणी मनावर घेणार नाही. नेमकं काय बदलावं, काय ठेवावं?

रानतण
आधी मूळ आणि परिणाम वेगळे करा. 'परकीय' हा शब्द वनस्पती कुठून आली ते सांगतो, 'आक्रमक' ती काय करते ते. दोन्ही कायम जोडीने आले की परकं ते वाईट हे समीकरण वाचणाऱ्याच्या मनात पक्कं बसतं. ते खरं नाही. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या 2023 च्या अहवालानुसार माणसाने नव्या प्रदेशांत नेलेल्या प्रजाती 37,000 हून जास्त आहेत. त्यांतल्या हानिकारक ठरलेल्या सुमारे 3,500. उलट उत्तर अमेरिकेतली पाइनची जंगलं वाळवणारा भुंगेरा तिथलाच, अस्सल स्थानिक.

दुसरं, क्रियापद तपासा. जलपर्णी 'हल्ला' करत नाही. दक्षिण अमेरिकेतून शोभेचं फूल म्हणून माणसांनी ती जगभर नेली, आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळालं की ती माजते. परिस्थिती अनुकूल असेल तर दोनेक आठवड्यांत दुप्पट. 'हल्ला' म्हटलं की नेणारा आणि सांडपाणी सोडणारा, दोघेही वाक्यातून गायब होतात.

याचा फटका प्रत्यक्ष कामालाही बसतो. युद्ध म्हटलं की विजयाचा दिवस लागतो: यंत्र लावलं, पाणी मोकळं झालं, मोहीम फत्ते. पण बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं आणि तुटलेल्या तुकड्यांतूनही नवी रोपं होतात. सांडपाणी सुरूच असेल तर तलाव पुन्हा भरणारच. म्हणून फलकावर 'लढा' नको, 'दरवर्षीची निगा' लिहा.

कर्ता_कर्म
ही भाषा आली कुठून तेही बघायला हवं. ब्रिटिश परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी 1957 मध्ये रेडिओवर भाषणं दिली, त्यावरून 1958 मध्ये पुस्तक झालं आणि 'आक्रमण' हा शब्द या शास्त्रात रुळला. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संस्था धान्य फस्त करणाऱ्या उंदरांच्या बंदोबस्तावर काम करत होती, त्यामुळे युद्धाची भाषा त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती माणसांवर वापरली नाही. पण 1942 मध्ये जर्मनीत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेरड्याच्या कुळातल्या एका आशियाई रोपट्याविरुद्ध संहाराची हाक दिली आणि तिची तुलना थेट बोल्शेविकांविरुद्धच्या, म्हणजे रशियन कम्युनिस्टांविरुद्धच्या, लढ्याशी केली. रोपटं आणि माणसं एकाच वाक्यात!

अशी भाषा माणसांबद्दलच्या मतांवर परिणाम करते, याला मानसशास्त्रातही आधार आहे. 2009 च्या एका अमेरिकी प्रयोगात काही जणांना आधी शरीराला घातक जिवाणूंबद्दल वाचायला दिलं आणि नंतर देशाचं वर्णन शरीरासारखं केलं. त्यांची स्थलांतरितांबद्दलची मतं जास्त प्रतिकूल झाली. दिलेल्या मजकुरात स्थलांतराचा विषयच नव्हता.

बेटवासी
सगळंच गुळगुळीत करू नका, ही माझी हरकत. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर जहाजांतून आलेले उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खात होते. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून, पुढे वर्षानुवर्षं तपासण्या करून 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथे 'समूळ नष्ट करणे' हाच अचूक शब्द आहे, कारण एक गाभण मादी उरली तरी सगळं वाया. 'आटोक्यात ठेवणे' म्हणजे वेगळं काम, वेगळा खर्च. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. मात्र ते प्राण्या-वनस्पतींपुरतेच. रवांडात 1994 मध्ये रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाला 'झुरळं' म्हटलं जात होतं. पुढे त्यांचा नरसंहार झाला, तो जगाने पाहिला.

मुद्रितशोधक
माणसांबद्दलच्या मजकुरात माझी लाल शाई पहिल्यांदा 'लोंढा'वर पडते. लोंढा पाण्याचा असतो. त्याला नाव-गाव नसतं आणि त्यावर उपाय एकच सुचतो, बांध. त्या जागी आकडा आणि काळ लिहा: किती माणसं, किती महिन्यांत. जगात 2024 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे सुमारे 30.4 कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या 3.7 टक्के. 'घुसखोर' लिहिण्याआधी ती व्यक्ती आश्रय मागते आहे का ते बघा. 1951 च्या निर्वासित कराराच्या कलम 31 नुसार, जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट येऊन लगेच अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या आणि योग्य कारण देणाऱ्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करता येत नाही. 'पैदास' आणि 'विळखा' तर सरळ काढाच.

फलकासाठी मजकूर: 'जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेसाठी माणसांनी ती जगभर नेली. सांडपाण्यावर ती वाढते, पाणी झाकते. खालच्या पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात. सांडपाणी थांबवा, रोपं दरवर्षी काढा.'

रानतण
छान. त्यात एवढंच घाला: 'काढलेली रोपं काठावर टाकू नका, पाण्यापासून लांब नेऊन वाळवा.' काठावरचा ढीग पहिल्याच मोठ्या पावसात परत तलावात जातो.