‘प्रकाश-उत्प्रेरक’मध्ये उत्प्रेरक कोण?

मास्तर, वाशीम जिल्हा: आमच्या खेड्यातल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता चालू आहे. निळीच्या पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण टाकून ते उन्हात ठेवलं की रंग विरत जातो. मुलींनी वर मथळा दिला ‘प्रकाश-उत्प्रेरक’. त्यातलीच एक विचारते, "सर, मंग उत्प्रेरक उजेडच ना?" उजेड तर खर्ची पडतो; उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया वेगानं घडवणारा, ती पांढरी भुकटी. पण पोरीचं काय चुकलं? समासच तसा फुटतो. गावात वाचून कळेल असा शब्द हवा आहे.

दर्यापूरकर: ‘उन्हाचं विरजण’ लिहा. चमचाभरात काम होते. आमची आजी ‘इरजन’ म्हणे.

रसायनवाला: विरजण नकोच. त्यातले जिवाणू वाढतात आणि दह्यातच राहतात. उत्प्रेरक वाढत नाही, संपतही नाही. नॅनोकण फडक्यातून गाळून निघत नाहीत, म्हणून ते काचेवर लेपून वापरतात. लेप तोच, पाणी नवं. ‘उत्प्रेरक’ चांगला रुळलाय. मध्यमपदलोपी समास धरा: प्रकाशाने चेतणारा उत्प्रेरक.

दर्यापूरकर: मध्यमपदलोपी आधी शिकवा, मग तक्ता वाचायला लावा! शब्द लोकांसाठी असतो का व्याकरणासाठी?

चंद्रपूरची: माझा आक्षेप ‘ऊन’वर आहे. ‘ऊन’ आला ‘उष्ण’वरून, आणि ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. आमच्याकडे तर सरळ ‘तपन’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटेल, पाणी तापून रंग जातो. काम उष्णतेचं नाही, किरणांचं आहे. अ‍ॅनाटेस जातीच्या भुकटीला सुमारे ३८८ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीचेच किरण चालतात, म्हणजे अतिनील. उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. ‘उजेड’च लिहा.

रसायनवाला: हे पटलं. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं तेही हेच: टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. पाणी उकळलं नव्हतं.

दर्यापूरकर: मग आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं मीठ जाईल का यानं? खरं सांगा, आमच्या घरी वरणाची डाळ शिजत नाही त्या पाण्यात.

रसायनवाला: नाही जाणार. रंग, कीटकनाशकं अशा सेंद्रिय पदार्थांचे रेणू तुटतात. मीठ जागच्या जागी राहतं. मास्तर, तक्त्यावर ‘शुद्ध पाणी’ लिहिलं असेल तर आधी ते खोडा.

मास्तर: लिहिलंय, ठळक अक्षरात. उद्याच खोडतो. ‘निवळलेलं’ चालेल?

चंद्रपूरची: नाही हो. निवळणं म्हणजे गाळ खाली बसणं, तुरटी फिरवल्यावर बसतो तसा. इथं रंग बसत नाही, तुटतो.

दर्यापूरकर: तुरटी नंतरची. आमची आजी रांजणाच्या आतल्या अंगाला निवळीचं बी घासे, मग विहिरीचं गढूळ पाणी भरे. ‘निवळणं’वरून ‘निवळी’ आलं, का ‘निवळी’वरून ‘निवळणं’?

रसायनवाला: ‘निर्मल’वरून दोन्ही.

चंद्रपूरची: दोन्ही कशी? क्रियापद आधीचं असणार. जुन्या मराठीत पाहायला हवं.