मर्जीवर नव्हे, ठरावावर

चर्चची मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, तिला नियम नसतो, असे काही जण म्हणतात; पण लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्यापासून सुरू झालेल्या प्रॉटेस्टंट परंपरेपुरते तरी हे मत मला मान्य नाही. १५२३ मध्ये जर्मनीतील लाइस्निग गावाने ‘सामायिक पेटी’चा, म्हणजे चर्चच्या आणि गरजूंच्या मदतीच्या सामायिक निधीचा, ठराव केला आणि त्याला खुद्द मार्टिन लूथर यांनी प्रस्तावना लिहिली. त्या पेटीला चार निरनिराळी कुलपे होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक नागरिकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे, म्हणजे चौघे जमल्याशिवाय ती उघडतच नसे. अडचणीत आलेल्या कारागिराला त्यातून उसने पैसे मिळत आणि खरोखरच फेडणे जमले नाही तर ते माफ होत. ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते.

नागपुरात मिशन म्हटले की हिस्लॉप कॉलेज आठवते, पण ते स्कॉटिश परंपरेचे. लुथरन काम पाहायचे तर बैतूलच्या पुढे, भोपाळ रस्त्यावरच्या पाढरला जावे. तिथले रुग्णालय मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल लुथरन चर्च चालवते आणि भोवतालच्या गोंड, कोरकू गावांतले रुग्ण तिथे येतात. मागे त्या बाजूला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी आपले केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराच्या गाठीत बांधले होते, आणि पाढर येईपर्यंत त्यांचा हात त्या गाठीवरून हलला नाही.