गोधडीवर करणारीचे नाव कसे आणि कुठे घालावे?

सुईदोरा (धरमपेठ, नागपूर)

माझ्या सासूबाई गेली चाळीस वर्षे घरातल्या जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत, पण त्यांतल्या एकीवरही त्यांचे नाव नाही. ही गोष्ट मला कधी खटकली नव्हती. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांच्या तीन गोधड्या आम्ही शहरातील एका प्रदर्शनात विक्रीसाठी दिल्या, तेव्हा टाचणीने लावलेल्या कागदी चिठ्ठ्या काढून कुणीतरी तिथे आपल्या दुकानाची पट्टी शिवली, आणि विचारणा केल्यावर "चिठ्ठी गळून पडली असेल" एवढेच उत्तर मिळाले.

आता सासूबाई नातीच्या लग्नासाठी गोधडी शिवत आहेत. तिचा वरचा थर त्यांच्या आईच्या, कोष्ट्यांनी विणलेल्या नागपुरी लुगड्याचा आहे. नाव शाईने लिहावे की दोऱ्याने, कोणत्या बाजूला, आणि सोबत आणखी काय लिहावे? आणखी एक पेच असा की लग्नात त्यांचे नाव बदलले गेले, त्यामुळे माहेरचे नाव घालावे की सासरचे, हे मला कळत नाही. त्यांना विचारले तर "पांघरणाऱ्याला ऊब लागली की झाले" म्हणून मोकळ्या होतात.

मांजरपाट (महाल, नागपूर)

शाईने लिहायचे असेल तर लुगड्यावर थेट लिहू नये. मांजरपाटाच्या वेगळ्या तुकड्यावर लिहून तो तुकडा गोधडीच्या अस्तराला शिवावा. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि तिच्यावर शाई मुरत नाही, म्हणून तो आधी दोनदा गरम पाण्यातून काढावा. कापड सरकू नये यासाठी मी त्याखाली सुताराचा पॉलिश कागद खरखरीत बाजू वर करून ठेवते. कापडावर लिहिण्याचे, रंगकणांची न पुसणारी शाई असलेले पेन घ्यावे, टोक एका जागी थांबू देऊ नये, आणि लिहून वाळल्यावर उलट्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवावी. त्याच कापडाच्या कातरणावर दोन अक्षरे लिहून ते साबणाने धुऊन पाहिल्याशिवाय मूळ तुकड्याला हात लावू नये. साध्या बॉलपेनची शाई पहिल्याच धुण्यात निळी पसरते, हे मी एका दुपट्यावर अनुभवले आहे.

जुन्या पद्धतीची लोहयुक्त शाईही टाळावी. अमेरिकेत १८४० च्या दशकात आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या सह्या असलेल्या गोधड्यांची लाट आली होती; त्यांतल्या काहींवर अशा शाईच्या अक्षरांखालचे कापडच कालांतराने विरून गेले.

जुना रहिवासी (इतवारी, नागपूर)

पक्क्या खुणेचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. कपडे ओळखण्यासाठी पूर्वी परीट त्यांवर बिब्ब्याची खूण करीत. बिब्ब्याच्या तेलाला चुना लागला की डाग काळा आणि कायमचा होतो. बिब्बा आपल्याकडे सहज मिळतो म्हणून हा प्रयोग कुणाला सुचेल, पण कृपया तो करू नये. त्या तेलाने अंगावर फोड येतात, आणि गोधडी तर रात्रभर अंगाला लागून असते.

धावदोरा (प्रतापनगर, नागपूर)

ताई, माझे मत स्पष्टपणे दोऱ्याच्या बाजूचे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गोधड्या दिवसभर गच्चीवर उन्हात पडलेल्या असतात, त्यामुळे शाई कितीही चांगली असली तरी ती फिकट होणारच. टाका मात्र रंग उडाला तरी बोटाला लागतो.

देवनागरी अक्षरे शिवताना आधी शिरोरेषा उलट्या टिपेने घालून घ्यावी आणि मग एकेक अक्षर तिला टांगत जावे. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यावेत आणि अक्षराची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, कारण साखळी टाक्याने लहान जोडाक्षर शिवले की त्याची पोकळी भरून जाते आणि ते वाचताच येत नाही. दांडी टाक्याने ते सुटे दिसते. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले उकार खालच्या शिरोरेषेत अडकणार नाहीत एवढे अंतर सोडावे.

तुमच्या बाबतीत जे घडले ते टाळायचे असेल तर नाव शेवटी जोडू नये. नावाचा तुकडा अस्तरावर आधी बसवून घ्यावा आणि गोधडीचे धावदोरे त्याच्यावरूनच जाऊ द्यावेत. मग तो काढायचा म्हटला तर धावदोऱ्याच्या सगळ्या ओळी उसवाव्या लागतात, आणि एवढे कष्ट कुणी घेत नाही. गोधडी आधीच शिवून झाली असेल, तर चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून त्याचा त्रिकोण करावा आणि गोट लावताना त्याच्या दोन कडा कोपऱ्यात गोटाखाली धराव्यात. उरलेल्या दुमडलेल्या कडेला तुरपाई पुरते.

जागेबद्दल म्हणाल, तर पुष्कळ जणी पायथ्याचा कोपरा सुचवतात, कारण उशाकडची बाजू तेलकट होते आणि जास्त घासली जाते. मला ते पटत नाही. अक्षराला पाय लागू नये हे आपल्या हाडामासात आहे. उशाकडून वीतभर खाली, मागच्या बाजूला, कडेशी नाव घालावे.

नावाचा निर्णय मात्र सासूबाईंचाच. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी केलेली कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, आहे आणि तिच्यावर तिने ते टाक्यांतच लिहून ठेवले आहे. म्हणजे लेक म्हणून सही करण्यात वावगे काही नाही. आईचे लुगडे वापरले आहे, तेव्हा माहेरचे नाव आधी आणि सासरचे खाली, शिवाय लुगडे कोणाचे, गोधडी कोणासाठी, गाव आणि वर्ष, एवढे पुरेसे होईल. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते; ती हातावरच्या गोंदणातले तुळशीवृंदावन प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवत असे, आणि आजही घरातली कोणती गोधडी तिची, हे आम्ही त्यावरूनच सांगतो.

सुईदोरा (धरमपेठ, नागपूर)

सर्वांची आभारी आहे. अस्तर अजून मोकळेच असल्याने तुकडा आधी बसवण्याचे ठरवले आहे. गोंदणाची हकिकत वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता चष्मा मागितला आणि उशीच्या जुन्या अभ्र्यावर माहेरचे नाव शिवायला घेतले. त्या नावात एक जोडाक्षर आहे. ते कालपासून तीनदा उसवून झाले आहे, आणि मी मदतीला हात पुढे केला की त्या सुई पलीकडे करतात.