हँडलोडसाठी स्कोप: २५ पॉवरच्या खाली सगळा कचराच का?

काटेकोर

हँडलोडची, म्हणजे रायफलसाठी स्वतः भरलेल्या काडतुसांची, जुळवाजुळव करताना २५ पॉवरपेक्षा (२५ पट मोठे दाखवण्यापेक्षा) कमी क्षमतेचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, वापरणारा माणूस बंदुकीची दारू, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि नळीचे आयुष्य फुकट घालवतो, असे विधान कालच्या एका लेखात इतक्या ठामपणे केले आहे की उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही. पॅरॅलॅक्सचा, म्हणजे डोळा सरकला की नेमाची रेघ लक्ष्यावर सरकलेली दिसण्याचा, त्या लेखात उल्लेखही नाही, क्लिकच्या (नेम सरकवणाऱ्या खटक्यांच्या) विश्वासार्हतेबद्दल एक ओळ नाही, आणि रेटिकलच्या, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघांच्या, जाडीचा विचार तर लेखकाला शिवलेलाच दिसत नाही.

निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. १० पॉवरच्या स्कोपमधून तोच डोळा एक दशांश मिनिट ओळखतो, म्हणजे १०० यार्डांवर तीन मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यातही पांढऱ्या चौकोनाचे रेघेने दोन समान भाग करायचे असतील, तर डोळा याहून बारीक फरक टिपतो. आता हे पाहा: ४० मिलिमीटर भिंगाचा, १५० यार्डांवर पॅरॅलॅक्स कायमचा बांधलेला शिकारी स्कोप १०० यार्डांवर वापरला आणि डोळा अगदी कडेला सरकला, तर नेम एका बाजूला साडेसहा मिलिमीटरहून जास्त चुकतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरल्यास तेरा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा एमओए (मिनिट कोन) झाला. गाल दस्त्यावर दर वेळी सारखा टेकत नसेल, तर चांगल्या लोडचा (काडतुसातल्या दारू-गोळीच्या मेळाचा) ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, एकटा पॅरॅलॅक्सच बिघडवू शकतो, आणि ही चूक पॉवर वाढवून कमी होत नाही. पॅरॅलॅक्स जुळवता येणारा, बारीक रेटिकलचा, झिरो (नेम आणि गोळी यांची एकदा बसवलेली जुळणी) न सोडणारा १० ते १६ पॉवरचा स्कोप हा या कामासाठी पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

छत्तीस पॉवर

तो लेख माझा नाही, परंतु लेखकाची बाजू घेणे मला भाग आहे. आपण डोळ्याची क्षमता सांगितली, पण ती स्वच्छ, थंड, स्थिर हवेतली आणि तरुण डोळ्याची. साठीकडे झुकलेल्या माणसाला १० पॉवरमधून काळी रेघ काळ्या वर्तुळात हरवलेली दिसते. शिवाय जास्त पॉवरचा खरा फायदा लक्ष्य मोठे दिसण्यात नाही. बंदूक वाळूच्या पिशवीवर नीट बसलेली नाही, चाप ओढताना रेटिकल थरथरते आहे किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर उडते आहे, हे ३६ पॉवरमध्ये लख्ख दिसते. १० पॉवरमध्ये ते सगळे झाकले जाते आणि नेमबाज स्वतःवर खूश राहतो. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे, पिढ्यान्‌पिढ्या ३६ आणि ४५ पॉवर वापरत आले आहेत, ते काय हौस म्हणून?

काटेकोर

बेंचरेस्टचे नाव काढलेत हे बरे झाले. त्याच खेळातल्या ‘हंटर’ वर्गात ६ पॉवरची मर्यादा आहे आणि त्या मर्यादेत पूर्ण गुण मिळवणारे लोक आहेत, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण सोयीस्करपणे वगळलेत. ते लोक लक्ष्याच्या आकृतीशी जुळेल असे रेटिकल निवडतात, एवढेच. काळ्या वर्तुळात काळी रेघ हरवते, हा दोष पॉवरचा नसून लक्ष्याचा आहे. आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून ३६ पॉवरमध्ये काय दिसते, तेही लिहा: मिराजमध्ये (तापलेल्या हवेच्या लहरींत) पोहणारे वर्तुळ. त्या वेळी आपणही पॉवर खाली आणली असती, पण आपला स्कोप फिक्स्ड, म्हणजे एकाच पॉवरचा आहे.

डोंगरउतार

दोघांनाही नमस्कार. मी शिकारीसाठी लोड तयार करतो आणि माझ्या रायफलवर ३ ते ९ पॉवरचा साधा स्कोप आहे. ज्या स्कोपने शिकार करायची त्याच स्कोपने लोड ठरवावा, अशी माझी पद्धत आहे. एका मित्राच्या आग्रहाखातर एकदा त्याचा मोठा, जड टार्गेट स्कोप लावून लोड ठरवला, ग्रुपही सुरेख आले, आणि नंतर स्वतःचा स्कोप परत बसवून पुन्हा झिरो करण्यात नेमकी तीच काडतुसे संपली, जी हंगामासाठी राखून ठेवली होती. रिंगचे स्क्रू सोडायचे, पुन्हा आवळायचे, बेस हलला की नाही याची शंका घेत बसायचे, यापेक्षा तीन गोळ्यांचे ग्रुप पाहून पुढे जाणे मला शहाणपणाचे वाटते. तीन गोळ्या पाऊण इंचात आल्या की माझ्यासाठी लोड तयार.

गणिती

स्कोपची चर्चा चालू ठेवा, पण ‘तीन गोळ्या पाऊण इंचात आल्या की लोड तयार’ हे वाक्य वाचून मला राहवले नाही. खरा घोळ इथे आहे. एकाच रायफलचे, एकाच लोडचे, विखुरणीत काहीही बदल न करता मारलेले ग्रुप घेतले, तरी सरासरीने तीन गोळ्यांचा ग्रुप प्रमाण विचलनाच्या २.४ पट, पाच गोळ्यांचा ३.१ पट आणि दहा गोळ्यांचा ३.८ पट येतो. म्हणजे आपला पाऊण इंच हा दहा गोळ्यांच्या हिशेबाने सुमारे १.२ इंच आहे, आणि तोही आपला ग्रुप सरासरीइतकाच असेल तर. तीन गोळ्यांचे ग्रुप मुळातच इतके वरखाली होतात की त्याच काडतुसांचा एक ग्रुप दुसऱ्याच्या निम्मा येण्यात कसलेही आश्चर्य नाही. दारूचे वजन ०.२ ग्रेनने बदलले आणि ग्रुप आवळला, असे लोक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा ते फासे पुन्हा टाकत असतात.

डोंगरउतार

आपले आकडे आपल्यापाशी. हरणाच्या अंगावर मी दहा गोळ्या मारत नाही. थंड नळीतून निघणारी पहिली गोळी कुठे जाते, यावर सगळे अवलंबून असते. माझी नळी पातळ आहे, चौथ्या-पाचव्या गोळीला ती तापते आणि ग्रुप वर चढू लागतो. मग त्या दहा गोळ्यांत मी काय मोजतो आहे, लोड की तापलेले पोलाद?

छत्तीस पॉवर

प्रथमच डोंगरउतार यांच्याशी सहमत व्हावे लागते आहे. घरात बसून प्रमाण विचलन काढणाऱ्यांनी नळी किती लवकर झिजते आणि प्रायमर मिळवताना किती दमछाक होते, याचाही विचार करावा. मॅक मॅकमिलन यांनी १९७३ मध्ये १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ०.००९ इंचांचा ग्रुप मारला. तो काय दहा गोळ्यांचा नव्हता म्हणून खोटा ठरवायचा?

गणिती

खोटा कोण म्हणतो? तो विक्रम आहे, आणि विक्रम म्हणजे असंख्य ग्रुपांमधला सर्वांत लहान. त्यावरून त्यांच्या पुढच्या ग्रुपचा अंदाज कुणी बांधत नाही. आपण मात्र स्वतःच्या सर्वांत लहान ग्रुपवरून लोड निवडता, हा माझा आक्षेप आहे. आणि मी घरात बसतो हे आपण कशावरून ठरवलेत, ते कळले तर बरे होईल. नळी तापत असेल तर दोन-तीन गोळ्या मारा, नळी थंड होऊ द्या, हवे तर दुसऱ्या दिवशी मारा, फक्त नेमाचा बिंदू आणि झिरो तोच ठेवा आणि सगळी लक्ष्ये एकमेकांवर ठेवून छिद्रे एकत्र मोजा. नळी तापण्याचा प्रश्न सुटतो आणि गोळ्याही दहा होतात.

काटेकोर

आणि इथेच गणिती यांनी नकळत माझी बाजू भक्कम केली आहे. वेगवेगळ्या दिवसांची लक्ष्ये एकमेकांवर ठेवायची, तर स्कोपचा झिरो जागचा हलता कामा नये. लॅडर टेस्ट (दारू पायरीपायरीने वाढवत केलेली चाचणी) करणाऱ्याला तर ग्रुपच्या आकारापेक्षा गोळ्या कुठे पडतात हेच पाहायचे असते, त्यामुळे स्कोपच्या आतली नळी धक्क्याने एका क्लिकइतकी, म्हणजे १०० यार्डांवर पाव एमओए किंवा सव्वासात मिलिमीटर सरकली, तरी सगळा निष्कर्ष निकामी. म्हणूनच काही बेंचरेस्ट नेमबाज स्कोपची आतली यंत्रणा कायमची गोठवून टाकतात आणि हालचाल बाहेरच्या माउंटने करतात. लोड तपासताना टरेटला (नेम सरकवण्याच्या चकतीला) हातही लावू नये, एवढे तरी सर्वांनी पाळावे. ग्रुप नेमाच्या बिंदूपासून इंचभर बाजूला पडू द्यावा, म्हणजे तो बिंदू छिद्रांनी उडून जात नाही.

पॉवरबद्दल शेवटचा हिशेब. स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. रायफल आणि लोड मिळून ०.७ एमओए आणि नेमाची चूक ०.२ असेल, तर एकूण ०.७३ येते. एवढ्या फरकासाठी ३६ पॉवर?

छत्तीस पॉवर

आपलेच सूत्र घेऊ. रायफल ०.३ ची असेल आणि नेमाची चूक तीच ०.२, तर एकूण ०.३६ होते, म्हणजे ग्रुप एक पंचमांशाने फुगला. आपण ०.७ ची रायफल घेऊन मला पॉवरची निरर्थकता शिकवत आहात. ज्याची रायफल ०.७ ची आहे त्याला १० पॉवर पुरते, हे मी आनंदाने लिहून देतो. ती त्याला लखलाभ असो.

काटेकोर

०.३ च्या रायफलसाठी जास्त पॉवर उपयोगी आहे, हे मान्य करतो, जरी अशा रायफली हातात असण्यापेक्षा बोलण्यातच जास्त आढळतात. पण तिथेही फर्स्ट फोकल प्लेनचा (पॉवरबरोबर रेटिकलही मोठे दिसणारा) स्कोप असेल तर पॉवर वाढवून काय मिळणार? रेटिकलची ०.०५ मिलची (मिल हे कोनाचेच एक माप) रेघ १०० मीटरवर ५ मिलिमीटरच झाकते, पॉवर काहीही ठेवा. सेकंड फोकल प्लेनमधला (जिथे रेटिकल पॉवरबरोबर मोठे दिसत नाही) एक अष्टमांश एमओएचा ठिपका त्या कामाला अधिक बरा, आणि तसे लेखात लिहिले असते तर मी ओळभरही उत्तर दिले नसते.

डोंगरउतार

आपण सगळे फार विद्वान आहात. गणिती यांची लक्ष्ये एकमेकांवर ठेवण्याची युक्ती करून पाहीन, कारण तिला जास्तीचा खर्च नाही. स्कोप मात्र तोच राहील.

काटेकोर

राहू द्या, पण एक करा. बोल्ट काढून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती पिशव्यांवर घट्ट बसवा. आधी आकाशाकडे पाहून डायॉप्टर (डोळ्याकडचे भिंग) जुळवा, म्हणजे रेटिकल पहिल्या नजरेतच स्वच्छ दिसेल. मग १०० यार्डांवरच्या लक्ष्यावर रेघा आणून रायफलला स्पर्श न करता डोके वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. रेघ लक्ष्यावर किती सरकते ते कागदावरच्या चौकटींवरून मोजा आणि तो आकडा आपल्या पाऊण इंचाच्या शेजारी इथे लिहा.